एसएटी १५५०, जीपीए ३.२४: रीच कॉलेजांची यादी बारावरून पाचवर कशी आली

प्रकरण उत्तर डॅलसच्या उपनगरातल्या एका मराठी कुटुंबातलं आहे. मुलाचा जन्म अमेरिकेतला, पण आठवीपर्यंतचं शिक्षण पुण्यातल्या सीबीएसई शाळेत झालं. नववीच्या सुरुवातीला कुटुंब टेक्सासला परतलं. मुलाला कॉम्प्युटर सायन्सला जायचंय. इथला विद्यार्थी म्हणजे कुणी एक मुलगा नव्हे. अशा अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. नियम आणि तारखा मात्र २०२६ च्या फॉल प्रवेशाच्या फेरीतल्या आहेत.

एसएटी (कॉलेज प्रवेशाची चाचणी, १६०० पैकी) १५५०: गणितात ७९०, वाचन-लेखनात ७६०. अकरावीत चार एपी (कॉलेजच्या पातळीचे, परीक्षेत १ ते ५ गुण मिळणारे) विषय घेतले. त्यांपैकी कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १ आणि कॉम्प्युटर सायन्स ए या तिन्हींत ५, इंग्लिश लँग्वेजमध्ये ४. ही झाली अर्जाची भक्कम बाजू.

आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेतल्या वर्षवार ग्रेडचा कागद. दर वर्षी सात विषय. नववीत एक ए, चार बी, दोन सी. दहावीत दोन ए, चार बी, एक सी. अकरावीत पाच ए, दोन बी. ए ला ४, बी ला ३, सी ला २ धरले, तर नववीची सरासरी २.८६, दहावीची ३.१४, अकरावीची ३.७१ आणि तिन्ही वर्षांची मिळून ३.२४ येते. हाच अनवेटेड जीपीए, म्हणजे कठीण विषयांना जादा गुण न धरता काढलेली ग्रेडची सरासरी. वर्गात ६४० मुलं, त्यात याचा क्रमांक २०५ वा, म्हणजे वरच्या ३२ टक्क्यांच्या काठावर.

रीच, म्हणजे प्रवेश मिळणं अवघड असलेल्या कॉलेजांची घरातली पहिली यादी अशी होती: एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलटेक, प्रिन्स्टन, कॉर्नेल, कार्नेगी मेलन, बर्कली, यूसीएलए, इलिनॉय, मिशिगन, जॉर्जिया टेक, यूटी ऑस्टिन. बाराही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स. सेफ्टी (प्रवेश जवळपास नक्की असलेलं कॉलेज) म्हणून यूटी डॅलस, तेही "भरून ठेवू" एवढ्याच तयारीनं.

ही यादी कुठून आली ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर दुरुस्ती वरवरची होते. आईवडील दोघंही महाराष्ट्रातल्या प्रवेशप्रक्रियेतून इंजिनिअर झालेले. तिथे एमएचटी-सीईटीचं पर्सेंटाइल जागा ठरवतं. बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के पुरतात. मग कटऑफची यादी काढायची, आपला आकडा शोधायचा, त्याच्या थोडी वरची नावं कॅप राउंडच्या पर्यायांत आधी टाकायची. एसएटी १५५० हा आकडा त्यांनी याच सवयीनं वाचला. कॉलेजांच्या एसएटीच्या मधल्या पट्ट्यात तो बसतो, म्हणजे मुलगा स्पर्धेत आहे, असा त्यांचा हिशोब.

अमेरिकेत हा हिशोब उलटा चालतो. इथे ट्रान्सक्रिप्ट पहिलं वाचलं जातं. चार वर्षांत कोणते विषय घेतले, किती कठीण घेतले, त्यांत काय मिळवलं, आणि त्या शाळेत याहून कठीण काय उपलब्ध होतं, हे पाहिल्यावर एसएटीकडे नजर जाते. एसएटी उत्तम आणि ग्रेड साधारण असली की वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: मग वर्गात काय बिनसलं? १५५० हा आकडा ३.२४ ची भरपाई करत नाही, उलट ३.२४ कडे बोट दाखवतो. म्हणून अशा मुलाची रीच कॉलेजं त्याच्या कमकुवत आकड्यावरून ठरवायची. भक्कम आकडा उपयोगी पडतो तो त्या कॉलेजांतली कोणती ठेवायची हे निवडताना.

वर्गात काय बिनसलं होतं

यादीला हात लावण्याआधी शाळेच्या ऑनलाइन ग्रेडबुकमधून नववी-दहावीच्या नोंदी काढायच्या. ट्रान्सक्रिप्टवर फक्त अक्षर दिसतं, त्यामागची मोडतोड ग्रेडबुकमध्ये असते. या मुलाच्या शाळेत मोठ्या चाचण्यांना ६० टक्के वजन आणि रोजच्या कामाला ४० टक्के. दहावीच्या एका विषयात चाचण्यांची सरासरी ९४, रोजच्या कामाची ६२. गुणाकार केला की ५६.४ अधिक २४.८, म्हणजे ८१.२. ग्रेड बी.

रोजचं काम ६२ वर का गेलं? न दिलेल्या गृहपाठाला शून्य पडतं म्हणून. पाच गृहपाठांत चार वेळा ९५ आणि एकदा शून्य मिळालं की सरासरी ७६ होते. पुण्यात वही अपुरी राहिली तर बाई रागावायच्या, पण निकाल सहामाही-वार्षिक परीक्षेवर लागायचा. इथे प्रत्येक कागद निकालात मोजला जातो हे त्याला आणि घरच्यांनाही दहावीच्या शेवटाला उमगलं. तिन्ही सी नववीच्या इंग्लिश आणि वर्ल्ड जिऑग्रफीत आणि दहावीच्या इंग्लिशमध्ये होते. गणितात एकदाही बी नाही.

हे निदान फार कामाचं आहे. भक्कम चाचणी आणि ढिली ग्रेड यांचा सर्वात वाईट अर्थ "हुशार आहे पण काम देत नाही" असा लागतो, आणि कॉलेजला त्याचीच धास्ती असते. अकरावीची पाच ए आणि एपीचे गुण यांमुळे "काम देत नव्हता, आता देतो" हे वाक्य कागदावर सिद्ध होतं. सिद्ध होत नसतं, तर खालची पाच रीचही ठेवण्यात अर्थ नव्हता.

बारा नावं चाळणीतून

प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट (प्रवेशाचे आकडे ठरावीक तक्त्यांत देणारा जाहीर अहवाल) काढायचा. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की बहुतेकांचा सापडतो. त्यातले चार तक्ते पुरतात.

सी७ मध्ये कोणत्या घटकाला किती महत्त्व ते असतं. इयत्तेतला क्रमांक, जीपीए आणि चाचणी या तीन ओळी शेजारी ठेवून पाहायच्या. क्रमांक "अतिमहत्त्वाचा" आणि चाचणी "विचारात घेतो" असं असेल, तर या मुलासाठी ते कॉलेज उलट्या बाजूचं आहे.

सी९ मध्ये चाचणीचा पट्टा असतो, आणि किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही. चाचणी ऐच्छिक असलेल्या कॉलेजचा पट्टा फक्त पाठवणाऱ्यांचा असतो, म्हणून तो फुगलेला दिसतो. तिथे १५५० मधोमध दिसला, तरी सगळ्या वर्गात तो वरच्या बाजूला असू शकतो.

सी१० मध्ये वर्गातल्या क्रमांकाची विभागणी असते: वरचे दहा टक्के, वरचा चतुर्थांश, वरचा अर्धा. हा मुलगा चतुर्थांशाच्या बाहेर आहे. वरच्या चतुर्थांशात नसलेले किती जण घेतले, ते वजाबाकी करून काढायचं.

सगळ्यात बोलका तक्ता सी११. त्यात जीपीएचे पट्टे असतात: ४.०, ३.७५ ते ३.९९, ३.५० ते ३.७४, ३.२५ ते ३.४९, ३.०० ते ३.२४ आणि त्याखालचे. आपला मुलगा ३.०० ते ३.२४ मध्ये पडतो. या पट्ट्यात आणि त्याखाली मिळून प्रवेश घेतलेल्यांपैकी एक-दोन टक्केच असतील तर नाव खोडायचं. त्या एक-दोन टक्क्यांत खेळाडू आणि कॉलेजला अन्य कारणांनी हवी असलेली मुलं आधीच बसलेली असतात. चार-पाच टक्क्यांपासून पुढे रीच म्हणता येतं. एक काळजी घ्यावी लागते: सी१२ मधली सरासरी ४.० च्या वर दिसली तर कॉलेजनं वेटेड (कठीण विषयांना जादा गुण धरून काढलेला) जीपीए दिलाय, मग हे पट्टे आपल्या ३.२४ शी जोडता येत नाहीत.

या चाळणीत एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलटेक, प्रिन्स्टन, कॉर्नेल आणि कार्नेगी मेलन गळतात. यांतल्या एमआयटीनं २०२२ मध्ये आणि कॅलटेकनं २०२४ मध्ये चाचणी पुन्हा सक्तीची केली, याचा घरी आनंद झाला होता. पण सक्तीमुळे १५५० ची किंमत वाढत नाही. तिथे अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे तसाच आकडा असतो, आणि शेजारी स्वच्छ ट्रान्सक्रिप्टही असतं.

बर्कली आणि यूसीएलए वेगळ्या कारणानं गेली, आणि इथे लोक फार चुकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटी पाहतच नाही, पाठवली तरी नाही. त्यांचा जीपीए दहावी-अकरावीचा असतो, नववी त्यात येत नाही. म्हणून वाटतं की आपल्या मुलाला हे सोयीचं. हिशोब करून पाहू. दहावीचे २२ आणि अकरावीचे २६ मिळून ४८, भागिले १४ विषय, म्हणजे ३.४३. चार एपींचे चार जादा गुण धरून ५२ भागिले १४, म्हणजे ३.७१. बाहेरच्या राज्यातल्यांसाठीची ३.४ ची पात्रता तो ओलांडतो. पण या दोन कॅम्पसवर निवडलेल्या मुलांचा याच पद्धतीनं काढलेला जीपीए चारच्या वर असतो. अर्जाची सगळ्यात भक्कम बाजू जिथे कुणी उघडणारच नाही, तिथे बाहेरच्या राज्याची फी भरायला कशाला रांग लावायची?

इलिनॉय गेलं ते विभागामुळे. तिथे कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळाला तरच ठीक. दुसऱ्या विभागात शिरून मागाहून बदलू हा मार्ग जवळजवळ बंद आहे. मिशिगन त्याच्या जीपीएच्या पट्ट्यामुळे गेलं. जॉर्जिया टेक राहिलं, तेही यादीतलं सर्वात दूरचं म्हणून. एक दूरचं नाव मुलाच्या मनासाठी ठेवायला हरकत नाही, सहा ठेवायला आहे.

सहा का नकोत, याचं उत्तर घरातल्या एका गणितात आहे. वडिलांनी मांडलं होतं: प्रत्येक ठिकाणी १० टक्के शक्यता धरली, तर बारा ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे २८ टक्के. म्हणून कुठेतरी होण्याची शक्यता ७२ टक्के. गणित बरोबर आहे, गृहीतक चूक. बाराही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. बाराही ठिकाणी तेच ट्रान्सक्रिप्ट जातं, त्यातले तेच तीन सी वाचले जातात. एका ठिकाणी ज्या कारणानं नकार येतो, त्याच कारणानं दुसरीकडेही येतो. आणि १० टक्के हा सरासरी आकडा, २०५ व्या क्रमांकाच्या मुलाचा नव्हे.

यूटी ऑस्टिनचा वेगळा विचार

टेक्सासच्या घरांत या नावावरून वाद होतात, म्हणून थोडं सविस्तर. १९९७ च्या कायद्यानं शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनला त्यात मर्यादा घालून मिळाली: टेक्सासच्या मुलांसाठीच्या जागांपैकी ७५ टक्के थेट प्रवेशातून भरायच्या. त्यामुळे तिथली रेघ वर सरकत गेली आणि २०२६ च्या फॉलसाठी ती वरच्या पाच टक्क्यांवर आली. ६४० च्या वर्गात पाच टक्के म्हणजे ३२ मुलं. आपला मुलगा उरलेल्या जागांसाठी, सर्वांगीण परीक्षणातून लढणार. त्या परीक्षणात एसएटी सक्तीची आहे आणि खरोखर वाचली जाते. म्हणून ते रीच म्हणून राहिलं.

पण कॉम्प्युटर सायन्ससाठी नव्हे. थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, विभागात नाही, त्यामुळे ३२ जणांतले हुशारही त्याच विभागासाठी भांडतात. मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवरची सर्वात स्वच्छ रेघ गणिताची आहे. म्हणून पहिली पसंती गणित, दुसरी स्टॅटिस्टिक्स अँड डेटा सायन्स. अट एकच: गणितातली पदवी त्याला मनापासून चालत असेल तरच. "आत शिरू, मग बदलू" या भरवशावर अजिबात नाही.

ऑस्टिन कधी कधी नकाराऐवजी कॅपची ऑफर देतं. नाव ऐकून महाराष्ट्रातला कॅप राउंड आठवतो, पण गोष्ट निराळी आहे. पहिलं वर्ष सॅन अँटोनिओसारख्या यूटीच्याच दुसऱ्या कॅम्पसवर करायचं, ३० क्रेडिट आणि ३.२ जीपीए मिळवायचा, मग ऑस्टिनला बदली. हमी मात्र लिबरल आर्ट्सच्या विषयांची असते, कॉम्प्युटर सायन्सची नाही. ऑफर आल्या दिवशी घरात पेढे वाटण्याआधी ही ओळ वाचायची.

टेक्सास ए अँड एम आम्ही यादीत घेतलं नाही. तिथे इंजिनिअरिंगची सगळी मुलं पहिल्या वर्षी एकत्र असतात आणि शाखा वर्षाअखेरीच्या जीपीएवर मिळते. ३.७५ असेल तर पहिली पसंती आपोआप, खाली असेल तर स्पर्धा. ज्या मुलाचा प्रश्न रोजच्या कामाचा आहे, त्याला पुन्हा पहिल्याच वर्षी रोजच्या कामाच्या शर्यतीत उतरवायचं नाही.

नवी यादी

रीच पाच: यूटी ऑस्टिन, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, केस वेस्टर्न, रॉचेस्टर. टार्गेट (प्रवेशाची बरी शक्यता असलेली) तीन: रेन्सिलर, स्टीव्हन्स, रोझ-हलमन. सेफ्टी दोन: यूटी डॅलस आणि अलाबामा विद्यापीठ.

पर्ड्यू चाचणी मागतं आणि तांत्रिक विषयांतली तयारी बारकाईनं पाहतं. रॉचेस्टरचं कारण सरळ आहे: तिथे सर्वांना सक्तीचे असे सामान्य विषय फारसे नाहीत, मुख्य विषयाबरोबर इतर क्षेत्रांतले विषयगट स्वतः निवडायचे असतात. ज्या मुलाचे तिन्ही सी सक्तीच्या विषयांत आले, त्याला ही रचना मानवते, आणि अर्जात तसं प्रामाणिकपणे लिहिताही येतं. रोझ-हलमन इंडियानातलं छोटं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, भर पदवीच्या मुलांवर. तिथे गृहपाठ चुकला तर प्राध्यापकाच्या लक्षात येतं. या मुलाला हेच हवं आहे, आणि आमच्या मते नावाच्या वजनापेक्षा हा मुद्दा मोठा.

अलाबामा चाचणीचे गुण आणि जीपीए यांचा शिष्यवृत्तीचा तक्ता जाहीर करतं. चाचणी भक्कम असलेल्या मुलांनी अशी तक्तेवाली कॉलेजं जरूर पाहावीत, १५५० चे थेट डॉलर इथेच होतात.

पैशाबाबत आणखी एक सापळा. पीएसएटीवर (एसएटीच्या आधीची तशीच चाचणी) हा मुलगा नॅशनल मेरिट या शिष्यवृत्ती स्पर्धेत सेमीफायनलिस्ट झाला, तेव्हा घरात यूटी डॅलसची मोठी शिष्यवृत्ती गृहीत धरली गेली. सेमीफायनलिस्ट गुणांवर होतो, फायनलिस्ट होताना सगळं ट्रान्सक्रिप्ट आणि शाळेची शिफारस पाहतात. सी असलेली मुलं याच टप्प्यावर अडकतात. ती रक्कम हिशोबात धरायची नाही.

अर्जात काय लिहायचं

कॉमन अ‍ॅपमधली (अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामाईक अर्ज) जादा माहितीची जागा २०२५-२६ पासून ३०० शब्दांची झाली, आधी ६५० होती. या मुलाला शंभर-सव्वाशे पुरतात. त्यात चार गोष्टी हव्यात: नववीत वेगळ्या मूल्यमापनाच्या पद्धतीतून आलो, रोजच्या कामाचं वजन ओळखायला वेळ लागला, दहावीच्या शेवटी काय बदललं, आणि त्याचा पुरावा म्हणून अकरावीच्या ग्रेड. काय बदललं ते ठोस लिहायचं: दर रविवारी सातही विषयांची मुदतयादी, उशीर झाला तर त्याच दिवशी शिक्षकांना ईमेल. "पुण्यातली पद्धत वाईट होती" किंवा "शिक्षक कडक होते" यातलं एक अक्षरही नको. आणि ६५० शब्दांच्या मुख्य निबंधात ग्रेडचा विषय काढायचाच नाही, तिथे मुलगा दिसला पाहिजे.

हीच हकीगत शाळेतल्या काउन्सेलरच्या (प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्याच्या) पत्रात आली तर तिचं वजन दुप्पट होतं. त्यासाठी सप्टेंबरमध्ये काउन्सेलरला एक पान द्यायचं: वर्षवार ग्रेड, काय घडलं, काय बदललं. शिफारस पत्रांपैकी एक अकरावीच्या इंग्लिश शिक्षकांकडून घ्यावं. गणिताच्या शिक्षकांचं कौतुक अपेक्षितच असतं. सी ज्या विषयात होते, त्याच विषयाच्या शिक्षकांनी "आता काम वेळेवर येतं" असं लिहिलं तर शंका तिथेच मिटते.

एसएटी पुन्हा द्यायची का? नाही. १५५० चे १५८० केल्यानं एकही दार उघडत नाही. ते तीस-चाळीस तास बारावीच्या पहिल्या सत्राला द्यायचे.

तारखा

ऑस्टिनची अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज करून लवकर निकाल घेण्याची फेरी) १५ ऑक्टोबरला. पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि केस वेस्टर्नची नोव्हेंबरच्या सुरुवातीला. यांतली कुठलीच बंधनकारक नाही.

बंधनकारक अर्ली डिसिजन (होकार आला तर तिथेच जायचं, अशी फेरी) रॉचेस्टरला, पण नोव्हेंबरच्या फेरीत नाही, जानेवारीच्या दुसऱ्या फेरीत. नोव्हेंबरमध्ये कॉलेजला बारावीच्या पूर्ण सत्राची ग्रेड दिसत नाही, आणि चढत्या आलेखाच्या मुलाचा सर्वात चांगला कागद तोच असतो. जानेवारीपर्यंत तो हातात येतो. सात विषयांत सहा ए आणि एक बी आला तर त्या सत्राचे ३.८६ होतात, आणि २.८६, ३.१४, ३.७१, ३.८६ अशी रांग वाचणाऱ्याला एका नजरेत कळते. अर्थात ही फेरी रॉचेस्टरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आर्थिक मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारं साधन) भरून, आलेला आकडा घरात परवडतोय हे पाहूनच. ऑस्टिनचा निर्णय जानेवारीच्या मध्यापर्यंत येतो. तो होकारार्थी आला आणि मन बदललं, तर अर्ली डिसिजनचा अर्ज निकाल लागण्याआधी नियमित फेरीत वळवण्याची विनंती बऱ्याच कॉलेजांत करता येते, मात्र ती लगेच आणि लेखी करावी लागते.

कुठल्या कॉलेजनं निर्णय पुढे ढकलला, तर मिड-इयर रिपोर्ट (बारावीच्या पहिल्या सत्राच्या ग्रेडचा अहवाल) गेल्याची काउन्सेलरकडून खात्री करायची आणि सोबत अर्ध्या पानाचं पत्र पाठवायचं: नवी ग्रेड, नवीन काही केलं असेल तर तेवढंच, आणि प्रवेश मिळाल्यास येणार असल्यास तसं स्पष्ट. पहिल्या सत्रात इंग्लिशची ग्रेड पुन्हा सी आली असेल, तर पत्राऐवजी तो वेळ रेन्सिलर आणि रोझ-हलमनच्या शिष्यवृत्तीच्या कागदांना द्यायचा.